पेटीची ताकद कोपऱ्यात असते

(चुडावा येथे गटाच्या महिलांच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत विषय निघाला होता, की पापड-लोणच्याशिवाय गटानं दुसरं काय करावं. काही जणींनी लाकडी पेट्यांचं नाव घेतलं. लगेच मागून आवाज आला, "ते सुतारकाम, बाप्यांचं काम!" आज त्यावरच बोलते.

समोर दोन पेट्या ठेवल्या आहेत. हातात घ्या, फिरवून बघा. पहिलीच्या कोपऱ्यात फळीला फळी टेकवून चुका मारल्यात. दुसरीच्या कोपऱ्यात चूक नाही, दाते आहेत. आपल्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा आणि ओढून बघा. याच सांध्याला बॉक्स जॉइंट म्हणतात.

तो मजबूत का, ते हिशेबानं सांगते. फळी 12 मिलिमीटर जाड आणि पेटी 72 मिलिमीटर उंच धरू. नुसती टेकवली तर गोंदाला 864 चौरस मिलिमीटर जागा मिळते. तीही फळीच्या टोकाची. लाकडाचं टोक गोंद पिऊन टाकतं, धरत नाही. सहा-सहा मिलिमीटरचे दाते पाडले तर दात्याला दाता भिडण्याच्या 11 जागा होतात, म्हणजे 1584 चौरस मिलिमीटर. आणि ती जागा लाकडाच्या रेषेच्या बाजूनं असते, तिथं गोंद घट्ट बसतो. म्हणून चूक न मारता पेटी टिकते.

आता हे दाते पाडायचे कसे? राऊटर नावाचं मशीन टेबलाखाली उलटं बसवतात. त्याचं बिट, म्हणजे कापणारं पातं, टेबलाच्या भोकातून वर येतं. फळी उभी धरायला एक सरकता साचा असतो. त्या साच्यात एक छोटी खुंटी असते. सगळी गंमत त्या खुंटीत आहे.

बिट 6 मिलिमीटरचं असेल तर खुंटी 6 मिलिमीटर रुंद, आणि बिटाच्या कडेपासून तिचं अंतरही 6 मिलिमीटरच. पहिली फळी खुंटीला टेकवून कापायची. पडलेली खाच उचलून खुंटीवर बसवायची, पुन्हा कापायचं. असं शेवटपर्यंत. दुसरी फळी एक घर सरकवून सुरू करायची, म्हणजे हिचा दाता तिच्या खाचेत जातो. खुंटी लांब गेली तर दाते जाड होतात, सांधा बसत नाही. जवळ आली तर सांधा खिळखिळा. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यांवर बघायचं, मगच चांगल्या लाकडाला हात लावायचा.

पेटीची उंची बिटाच्या मापाच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटचा दाता अर्धा राहतो. फळीमागं एक फालतू फळी धरा, लाकूड फाटत नाही. गोंद लावून शिकंजात आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर पेटी गुण्यात आहे.

यात दंडाची ताकद कुठं लागली? ब्लाउज बेतताना आपण जे माप सांभाळतो, तेच इथं आहे. साचा एकदा नीट लागला की दहावी पेटीही पहिलीसारखीच येते.

पण मशीनला दयामाया नसते. बिट मिनिटाला वीस हजार किंवा त्याहून जास्त फेरे घेतं. पदर, मोकळी वेणी, बांगड्या, लोंबणारं मंगळसूत्र यातलं काहीही चालणार नाही. शेतात साडीवर शर्ट घालतो तसाच घाला, बटणं लावा, बाह्या कोपराच्या वर दुमडा. मंगळसूत्र शर्टाच्या आत, बांगड्या डब्यात. हातमोजे घालू नका, ते ओढले जातात. डोळ्याला चष्मा, नाकाला मास्क. बिटाला हात लावायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लेकरू कडेवर घेऊन कुणी मशीनजवळ यायचं नाही.

बनवायचं काय? आपल्या आज्यांकडं आरसा, फणी, कुंकू ठेवायची फणेरपेटी असायची. लग्नसराईत ती भेट म्हणून देता येईल. हात बसला की मधपेटी. लँगस्ट्रॉथ यांनी 1852 साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या पद्धतीच्या मधपेट्यांचे कोपरे आज बहुतेक याच सांध्यानं जोडतात, कारण पेटी उन्हापावसात उभी राहते आणि मधानं भरल्यावर उचलावी लागते. मात्र तिथं आतलं माप काटेकोर लागतं, म्हणून ती दुसरी पायरी.

आता पैशाचं. आज कर्जाचा ठराव करू नका, अशी माझी विनंती आहे. मशीन घरी आलं आणि हात शिकलेला नसला तर हप्ता तेवढा उरतो. आधी तीन जणींनी सुतारकाम करणाऱ्याकडं भाडं देऊन शिकावं आणि दहा पेट्या कराव्यात. लाकूड पावतीचंच घ्यावं. वहीत लाकूड, गोंद, काचपेपर, बिजागरी, भाडं लिहावं आणि स्वतःची मजुरीही लिहावी. आपण नेमकी तीच विसरतो. मजुरी धरून पैसे उरले तर पुढचं बोलू.

ज्यांच्या घरी परंपरेनं सुतारकाम आहे, त्यांच्यासाठी 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज आहे. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. तो एक जण घरातला पुरुषच असावा, असं योजनेत कुठंही लिहिलेलं नाही. स्वतः काम करणाऱ्या बाईनं घरी ही गोष्ट नक्की काढावी.

ज्या तीन जणींना शिकायचं आहे, त्यांनी जाताना सचिवांकडं नाव लिहावं. आणि दोन्ही पेट्या इथंच ठेवते. जमिनीवर आपटून बघा, कोणती आधी सुटते ते.