समुद्रातील मुशी गोड्या पाण्यात येते काय?



पेण व रोहा तालुक्यांतील खाडीकाठच्या शाळांत जलचर प्राण्यांचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न बहुधा निघतोच. पुस्तकात शार्क हा समुद्रातील प्राणी म्हणून दाखविलेला असतो. गावची नदी खाडीला मिळते आणि खाडी समुद्राला, हे मुलांनी पाहिलेले असते. मग तो मासा वर आमच्या नदीत का येणार नाही, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतो. "तो समुद्रातच राहतो, पुढचे वाचा," असे म्हणून प्रश्न मिटविण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु हे उत्तर अपुरे आहे आणि काही अंशी चूकही आहे. खरे उत्तर तीन वाक्यांचे आहे. शार्कच्या बहुतेक जाती गोड्या पाण्यात जगू शकत नाहीत. मोजक्या जाती जगतात. आणि ज्या जगतात त्याही, वाट मोकळी असेल तेथपर्यंतच येतात. या तीन वाक्यांमागील कारणे शिक्षकाला नीट उमगली, तर एका प्रश्नातून भूगोल, प्राणिशास्त्र आणि व्यवहारातील सावधगिरी असे तिन्ही विषय शिकविता येतील.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करावा. चित्रपटात पाहिलेला अक्राळविक्राळ शार्क आणि आईने बाजारातून आणलेली मुशी हे दोन निराळे प्राणी आहेत, अशी मुलांची समजूत असते. वस्तुतः मुशी, जिला कोकणात मोरी असेही म्हणतात, ही शार्कच होय. आपल्या किनाऱ्यावर सर्रास मिळणारी लहान मुशी हातभर लांबीची असते. महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या वर्गांत कित्येक वर्षे विच्छेदनासाठी हीच वापरली जाई. तिच्या अंगात हाडे नसतात. सारा सांगाडा कूर्चेचा असतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंस कल्ल्यांच्या उघड्या फटी असतात आणि कातडी उलट्या दिशेने हात फिरविला असता कानशीप्रमाणे खरखरीत लागते. मुशीचा हा परिचय झाला की शार्क हा शब्द मुलांना परका राहत नाही.

आता पाण्याकडे वळावे. नकाशावर खारे पाणी कोठे संपते आणि गोडे कोठे सुरू होते, याची रेघ काढता येत नाही. कारण ती रेघ दररोज हलते. या भागातील समुद्रात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाणी चार ते पाच मीटर चढते. ते पाणी रेवदंड्याच्या खाडीतून कुंडलिकेत रोह्याच्या बाजूस आणि धरमतरच्या खाडीतून अंबा नदीत नागोठण्याच्या बाजूस शिरते. पूर्वी लहान गलबते याच भरतीवर रोह्यापर्यंत आणि पेणजवळच्या अंतोऱ्यापर्यंत माल नेत. उलट पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरणारा लोंढा खारे पाणी खाली रेटून देतो. कुंडलिकेत तर आणखी एक विशेष आहे. मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून भिरा येथील वीजगृहातून खाली उतरते आणि कुंडलिकेला मिळते. म्हणजे जे पाणी मूळच्या वाटेने भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरास गेले असते, ते रोह्यावरून अरबी समुद्रास जाते. अशा रीतीने निव्वळ खारे आणि निव्वळ गोडे यांच्यामध्ये मचूळ पाण्याचा एक लांब पट्टा तयार होतो. तो भरतीस वर सरकतो, ओहोटीस खाली येतो, उन्हाळ्यात लांबतो आणि श्रावणात आखडतो.

या पट्ट्यात राहणारे प्राणी मुलांच्या ओळखीचे आहेत. खारेपाटातील जिताडा कोणास ठाऊक नाही? जिताड्याची अंडी नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात पडतात. पिल्ले भरतीबरोबर आत येतात, आणि गावकरी ती धरून गावतळ्याच्या गोड्या पाण्यात वाढवितात. एकाच माशाचे बालपण गोड्या पाण्यात आणि संसार खाऱ्यात, ही गोष्ट पेणच्या मुलास नवी नाही. म्हणून "समुद्रातील मासा गोड्या पाण्यात कसा जगेल?" या प्रश्नाचा आरंभ जिताड्यापासून करावा. मग मुशीला तेच का साधत नाही, याकडे वळावे.

याचे कारण मुशीच्या रक्तात आहे. कोणत्याही पातळ पडद्याच्या एका बाजूस दाट द्रावण आणि दुसऱ्या बाजूस पातळ द्रावण असेल, तर पाणी पातळाकडून दाटाकडे जाते. वर्गात याचा प्रयोग सोपा आहे. एका वाटीत साधे पाणी व दुसरीत मिठाचे दाट पाणी घेऊन दोहोंत बटाट्याच्या सारख्या फोडी टाकाव्यात. दोन तासांनी साध्या पाण्यातील फोड ताठ होते आणि मिठाच्या पाण्यातील फोड मऊ पडते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यात आपल्या अंगातील पाणी निघून जाऊ नये म्हणून शार्क आपल्या रक्तात युरिया नावाचे द्रव्य साठवून ठेवतो. माणसाच्या शरीरातून जे लघवीवाटे बाहेर टाकले जाते, तेच द्रव्य शार्क माणसाच्या कित्येक पटींनी रक्तात बाळगतो. त्यामुळे त्याचे रक्त समुद्राच्या पाण्याइतकेच दाट राहते. समुद्रात ही युक्ती उत्तम चालते. परंतु तोच मासा नदीत आला, तर युरियाने भरलेले त्याचे शरीर साध्या पाण्यातील बटाट्याच्या फोडीप्रमाणे पाणी शोषू लागते. रक्त पातळ होते, क्षार वाहून जातात आणि मासा मरतो. शार्कच्या बहुतेक जातींना नदी बंद आहे ती यामुळे. तेथे कोणी भिंत घातलेली नाही. अडथळा त्यांच्या अंगातच आहे.

ज्या जातीने हा अडथळा ओलांडला, तिला बुल शार्क म्हणतात. आखूड व रुंद नाकाचा, धिप्पाड अंगाचा हा मासा उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यांवर जगभर आढळतो. गोड्या पाण्यात आल्यावर तो रक्तातील युरिया सुमारे निम्म्यावर आणतो. त्याची मूत्रपिंडे पातळ मूत्र मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतात, आणि समुद्रात जास्तीचे मीठ काढून टाकणारी त्याची ग्रंथी येथे आपले काम मंदावते. हे श्रम तो उगाच घेत नाही. मादी नदीमुखाशी पिल्ले घालते. समुद्रातील मोठे शार्क ज्या पाण्यात येऊ शकत नाहीत, तेथे ती पिल्ले काही वर्षे सुरक्षित वाढतात. मनुष्यवस्तीच्या जवळ येणे हा त्यांचा हेतू नसून जीव वाचविणे हा आहे.

बुल शार्क किती दूर जातो, याची उदाहरणे थक्क करणारी आहेत. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीत समुद्रापासून सुमारे ३,७०० किलोमीटरांवर, पेरू देशातील इकीतोस शहराजवळ तो सापडला आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी नदीत १९३७ साली इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथे एक पकडला गेला. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा सरोवराची कथा शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. त्या गोड्या सरोवरातील शार्क ही तेथे कोंडली गेलेली निराळी जात आहे, असे शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत. थॉर्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या वर्षांत माशांना खुणेच्या चकत्या लावून त्यांचा माग काढला. सरोवरात खूण केलेले मासे समुद्राकडे आणि समुद्राकडचे सरोवरात सापडू लागले. मधली नदी आणि तिच्यातील खळाळ ओलांडून ते ये-जा करीत होते. शास्त्रातील समजूत निरीक्षणाने कशी सुधारते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या गोष्टी परदेशापुरत्याच नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत मासेमारीस गेलेल्या एका तरुणाच्या पायास शार्कने गंभीर इजा केली. त्यापूर्वी २०१६ साली मुंबईच्या बंदरावर उतरलेल्या मासळीत २६६ सेंटीमीटर लांबीची एक मादी आढळली. ती गंगेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, नदीत राहणाऱ्या शार्कची होती. ही जात इतकी दुर्मीळ आहे की एका माशाची नोंददेखील शास्त्रज्ञांनी महत्त्वाची मानली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या परिशिष्टात तिला स्थान असून तिची शिकार हा गुन्हा आहे. मुशीचा आप्त असा जो करवतमासा, त्यासही तेच संरक्षण आहे.

मग पेण-रोह्याच्या मुलास काय सांगावे? खाडीच्या भरतीच्या पाण्यात लहान मुशी येणे स्वाभाविक आहे आणि मोठी येणे अशक्य नाही. परंतु जेथे बांध आडवा आला, तेथे वाट संपते. कुंडलिकेवर डोलवहाळचा बंधारा आहे, पेण तालुक्यात हेटवण्याचे धरण आहे. त्यांच्या वरच्या बाजूस, तसेच विहिरीत, ओढ्यात किंवा गावतळ्यात शार्क येण्यास मार्गच नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ एका मैदानातील तळ्यात बुल शार्क कित्येक वर्षे राहिले होते, हे खरे आहे. परंतु नदीच्या महापुराने तळे व नदी एक झाली, तेव्हाच ते आत आले होते. वाटेविना कोणताही मासा प्रवास करीत नाही, हा नियम तेथेही मोडला नाही.

धरणात शार्क सापडला अशी वार्ता गावात आली, तर शिक्षकाने ती हसण्यावारी नेऊ नये आणि पडताळल्याखेरीज पसरवूही नये. अशा वेळी सापडलेला मासा पुष्कळदा पंगस जातीचा असतो. तळ्यांत पाळला जाणारा हा मासा आकाराने शार्कसारखा भासतो आणि शोभेच्या माशांच्या दुकानांत त्याची पिल्ले शार्क म्हणून विकली जातात. परंतु त्याचे कल्ले झाकणाखाली असतात, अंगात हाडे असतात आणि लहानपणी मिशाही स्पष्ट दिसतात. कल्ल्यांच्या उघड्या फटी मोजा, एवढी एकच सूचना मुलांना दिली, तरी निम्म्या अफवा जागीच विरतील.

भीतीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. खाडीत पोहणाऱ्या मुलास शार्कपेक्षा ओहोटीची ओढ, चिखलाची रुतण आणि उघाडीच्या तोंडाशी असलेला पाण्याचा जोर यांपासून कितीतरी अधिक धोका असतो. तरीही मासळी साफ करतात तेथे, गढूळ व खोल पाण्यात, तिन्हीसांजेस उतरू नये, ही शिकवण दोन्ही धोक्यांस लागू पडते. मात्र भयापोटी जाळ्यात सापडलेला प्रत्येक मोठा मासा ठेचून मारण्याचे समर्थन वर्गात होऊ नये. मुशीला पिल्ले थोडी होतात व ती सावकाश वाढतात. एकदा संख्या घटली की ती भरून येण्यास पिढ्या लागतात.

शेवटी, शाळेने हाती घेता येईल असे एक काम सुचविण्यासारखे आहे. वर्गातील मुलांनी गावापासून खाडीच्या मुखापर्यंतचा नकाशा काढावा. तिवरांची झाडे कोठवर दिसतात, तेथवर भरती पोहोचते असे समजावे आणि ती जागा नकाशावर टिपावी. बोईट, जिताडा, मुशी ही मासळी कोणत्या जागी आणि कोणत्या महिन्यात मिळते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. कोळी व आगरी बांधवांना असलेले पाण्याचे हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही. ते त्यांच्या मुलांच्याच हातून वहीत उतरले, तर मुलांना घरच्या व्यवसायाचा अभिमान वाटेल आणि शाळेस विद्येचा नवा झरा लाभेल. अनोळखी मोठा मासा आढळल्यास त्याशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, दिनांक व जागा नोंदवावी आणि वन विभागास किंवा मत्स्यव्यवसाय खात्यास कळवावे. दहा वर्षे अशी वही एखाद्या शाळेने निष्ठेने चालविली, तर पुढच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास शिक्षकाला दूरदेशीची उदाहरणे शोधावी लागणार नाहीत. आपल्याच खाडीची साक्ष त्याच्या कपाटात असेल.