हशा ऐकणारा कान



'वऱ्हाड' म्हणजे आपला मुलूख आणि वऱ्हाड म्हणजे लग्नाला निघालेली माणसं. माझ्या लहानपणी हे दोन्ही अर्थ एकाच भोंग्यातून कानावर यायचे. लग्नघरी मांडवाच्या खांबाला भोंगा बांधलेला असायचा. सनई संपली, जेवणावळी सुरू झाल्या, की 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट लागायची. वाढपी हातात बुंदीची परात घेऊन थबकायचे. पंगतीतली म्हातारी माणसं घास तोंडाशी नेता नेता थांबायची. त्यातला बबन्या काय बोलतो ते ऐकून घ्यायचं आणि मग घास गिळायचा.

ती कॅसेट ज्यांच्या आवाजात होती त्या लक्ष्मण देशपांडे यांना आमच्यापैकी कोणीही पाहिलं नव्हतं. औरंगाबादच्या विद्यापीठात नाटक शिकवणारा हा माणूस १९७९ साली एकटा रंगमंचावर उभा राहिला आणि खेड्यातून लंडनला निघालेलं एक अख्खं लग्न त्याने दाखवलं. बावन्न पात्रं, आणि सगळी एकाच देहात. आवाज बदलायचा, मान बदलायची, खांद्यावरचं उपरणं इकडचं तिकडे करायचं. भाषा मराठवाड्याची. आपला रिसोड तालुका हिंगोलीच्या शिवेला लागून, त्यामुळे ती भाषा आपल्याला परकी वाटली नाही. गिनेस बुकाने त्या प्रयोगाची नोंद घेतली.

पण आज मला त्या कॅसेटमधल्या दुसऱ्या एका आवाजाबद्दल बोलायचं आहे. तो आवाज हशाचा. कुठल्या तरी नाट्यगृहातली माणसं त्यात हसत होती. कान देऊन ऐकलं तर कळतं, की देशपांडे त्या हशाशी बोलत आहेत. हशा चढत असताना ते गप्प राहतात. पूर्ण विरेपर्यंत थांबत मात्र नाहीत. तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकतात. थोडं आधी टाकलं तर वाक्य हशात बुडतं, आणि उशीर झाला तर प्रयोग थंड पडतो. ही वेळ पुस्तकातून शिकता येत नाही, ती माणसांसमोर उभं राहूनच कळते. विनोदी नटाचं सगळं भांडवल त्याच्या या कानात असतं असं माझं ठाम मत आहे. तोंड आणि डोळे त्यानंतरचे.

आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी झडत्या, म्हणजे टोला हाणणाऱ्या काव्यपंक्ती, म्हणायची रीत आहे. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात, एक जण झडती म्हणतो, गावातल्या मोठ्या माणसाला नाव न घेता टोला बसतो आणि 'हर हर महादेव' व्हायच्या आधी तो क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात गाव हसून घेतं. हाच तो कान.

लंडनचं नाव निघालंच आहे तर तिकडचंही सांगतो. १८९२ साली इंग्लंडमध्ये ब्रँडन थॉमस यांचा 'चार्लीज आंट' नावाचा फार्स आला. पुरुषाने मावशीचं सोंग घ्यायचं, एवढीच कल्पना. पेन्ली नावाचा नट ती मावशी झाला आणि लंडनमध्ये त्याचे सलग १४६६ प्रयोग झाले. आचार्य अत्र्यांनी तो मराठीत आणला, 'मोरूची मावशी'. बापूराव माने यांनी ती मावशी आधी गाजवली आणि १९८५ पासून विजय चव्हाणांनी. लुगडं नेसलेला हा उंच माणूस आपण बाई आहोत हे इतक्या मनापासून मानायचा की बीभत्सपणाला तिथे जागाच उरत नसे. चार्ली चॅप्लिनही रंगमंचावरच घडला. फ्रेड कार्नोच्या फिरत्या नाटक मंडळीत तो वर्षानुवर्षं राबला आणि १९१४ साली कॅमेऱ्यापुढे आला, तेव्हा प्रेक्षक कुठे हसणार हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

कारण सिनेमात हशा ऐकू येत नाही. कॅमेरा हसत नाही. नटाला तो हशा आठवणीतून ऐकावा लागतो. राजा गोसावी पुण्याच्या भानुविलास टॉकीजमध्ये तिकिटं विकायचे. १९५२ साली 'लाखाची गोष्ट' लागला तेव्हा स्वतःच नायक असलेल्या सिनेमाची तिकिटं त्यांनी त्याच खिडकीतून विकली. कुठल्या प्रसंगाला बाहेरपर्यंत हशा येतो हे त्या खिडकीत बसून त्यांना ऐकू येत असणार, असं मला नेहमी वाटतं.

दादा कोंडके तर लोकनाट्यातच वाढले. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं. त्यात ते रोजच्या बातमीवरची वाक्यं पदरची घालायचे, समोरचा प्रेक्षक बघून मजकूर फिरवायचे. १९७१ साली 'सोंगाड्या' आला, त्यातला नाम्या या रोजच्या घासणीतून आलेला आहे. पुढच्या काही सिनेमांतले दुहेरी अर्थ मला आवडत नाहीत. पण तंबूतल्या शेवटच्या माणसापर्यंत वाक्य कसं पोचवायचं हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना उमगलं होतं.

अशोक सराफांनी स्टेट बँकेतली नोकरी सांभाळत नाटकं केली. 'ययाति आणि देवयानी'तला विदूषक ही त्यांची सुरुवात. 'पांडू हवालदार' १९७५ साली आला, 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली. मधल्या काळात रंगमंच त्यांनी सोडला नाही आणि 'हम पाँच'मुळे हिंदी घरांतही ते पोचले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याबद्दल बोलताना मात्र माझा आवाज थोडा जड होतो. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी, छोट्या छोट्या भूमिका, १९८३ साली 'टूर टूर', दोन वर्षांत 'धूमधडाका'. मग धावपळ सुरू झाली. लोकांना एकच लक्ष्या हवा होता, तोच पुन्हा पुन्हा. 'मैंने प्यार किया' नंतर हिंदीतही तेच मागणं. १९९२ साली जब्बार पटेलांनी 'एक होता विदूषक' केला, पटकथा पु. ल. देशपांड्यांची. तमाशातला सोंगाड्या सिनेमात मोठा होतो, राजकारणात ओढला जातो आणि हसवणंच हरवून बसतो. त्या सिनेमात बेर्डे यांच्या डोळ्यांत जे दिसतं ते आधी कुणी त्यांच्याकडे मागितलंच नव्हतं. प्रेक्षकांनी त्या सिनेमाकडे पाठ फिरवली. डिसेंबर २००४ मध्ये ते गेले, तेव्हा नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. त्या पाठ फिरवण्यात आपणही होतो, हे मला विसरता येत नाही.

टीव्हीचं गणित आणखी वेगळं. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ १९४० साली 'लग्न पहावे करून' या सिनेमात आले, चिमणराव झाले होते दामूअण्णा मालवणकर. सदतीस वर्षांनी, १९७७ साली, तेच चिमणराव मुंबई दूरदर्शनवर आले, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. गुंड्याभाऊ बाळ कर्वे. टीव्हीचा पडदा लहान, चेहरा अगदी जवळ. रंगमंचावर जे हाताने सांगायचं ते तिथे भुवईने सांगावं लागतं. प्रभावळकरांनी ते केलं आणि पुढे 'हसवाफसवी'त एकाच नाटकात सहा माणसं होऊन पुन्हा मोठ्या मापाने खेळले.

कॅमेऱ्यापुढे हशा ऐकू येत नाही, यावर इंग्रजांनी एक तोडगा काढला होता. बीबीसीच्या बऱ्याच विनोदी मालिका स्टुडिओत खरे प्रेक्षक बसवून चित्रित व्हायच्या, म्हणजे रंगमंचावरून आलेल्या नटाचा कान शाबूत राहायचा. आपल्याकडे 'फू बाई फू' आणि २०१४ साली सुरू झालेली 'चला हवा येऊ द्या' यांनी प्रेक्षक समोर आणला, आणि त्यातच अमरावतीकडचे भारत गणेशपुरे आपली वऱ्हाडी घेऊन उभे राहिले. त्याआधी मराठी नाटक-सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुतेक नोकर तरी असायचा नाहीतर बावळट. गणेशपुऱ्यांचा माणूस वऱ्हाडीतून समोरच्याला गार करतो. 'काय राजेहो' म्हणताना त्याच्या आवाजात कमीपणा नसतो. शहरातली पोरं ती भाषा उचलायला लागली तेव्हा माझ्या आईला झालेला आनंद मी पाहिला आहे.

आता या रिठद गावाशी येतो. होळीची सोंगं, भारुडं, दंडार, दारावर येणारे बहुरूपी, हे सगळं इथल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलं आहे, काहींनी केलंही आहे. त्यांची कॅसेट कधी निघाली नाही. मी सोबत रेकॉर्डर आणला आहे. व्याख्यान झाल्यावर मी देवळाच्या ओट्यावर बसणार आहे, उद्या सकाळची गाडी आहे तोवर. ज्या बाबांना जुन्या झडत्या येतात त्यांनी यावं, आणि येताना ऐकायला चार माणसं घेऊन यावीत. एकट्याने म्हटलेली झडती मला नको आहे, मधला हशाही रेकॉर्ड करायचा आहे.