ग्रेगनॉगचा वाडा

श्रोतेहो, मध्य वेल्समध्ये न्यूटाउन गावाजवळच्या गर्द झाडीत ग्रेगनॉग नावाचा एक वाडा आहे. दुरून पाहणारास पांढऱ्या भिंतींत काळ्या तुळया बसविल्या आहेत असे वाटते; जवळ जावे तो कळते, हे तर काँक्रीटने घेतलेले लाकडाचे सोंग! परंतु या वाड्यात जे घडले ते मात्र अस्सल होते.

ग्वेंडोलिन व मार्गारेट डेव्हिस या अविवाहित भगिनी १९२४ साली येथे राहावयास आल्या. त्यांचे आजोबा लाकूड कापण्याच्या कामापासून वर चढले व रेल्वे, कोळशाच्या खाणी आणि बॅरी बंदराची गोदी यांतून अमाप श्रीमंत झाले. या धनातून नातींनी रेन्वार, मोने, सेझान यांची चित्रे घेतली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील त्रॉय येथे सैनिकांसाठी उपाहारगृह चालविताना त्यांनी युद्धाची होरपळ जवळून पाहिली. परतलेल्या सैनिकांना हस्तकलांतून सावरावे, हा वाड्यामागील मूळ संकल्प. त्यातून रुजला तो छापखाना. १९२२ साली निघालेल्या या छापखान्याने १९४० पर्यंत ४२ पुस्तके छापली. त्यांतील काष्ठठशांची चित्रे आणि बांधणी आजही वाखाणली जाते. काही पुस्तके वेल्श भाषेतील होती. थोड्यांच्या मुखी असलेल्या भाषेलाही असे राजवस्त्र लाभले.

१९३३ ते १९३८ या काळात येथे संगीत व काव्य यांचे उत्सव झाले. व्हॉन विल्यम्स, होल्स्ट यांसारखे संगीतकार वाड्यात पाहुणे म्हणून येत. गायकवृंद मात्र घरचाच, म्हणजे वाड्यातील नोकरचाकर आणि आसपासचे लोक! दिवसा चुलीपाशी वा बागेत राबणारे सायंकाळी थोरांच्या रचना गात.

ग्वेंडोलिन १९५१ मध्ये, मार्गारेट १९६३ मध्ये निवर्तल्या. दोघींच्या संग्रहातील २६० कलाकृती वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयास मिळाल्या. वाडा १९६० साली वेल्स विद्यापीठास दिला गेला. २०१९ पासून तो एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे आहे. बंद पडलेला छापखाना १९७८ मध्ये, तर संगीतोत्सव १९८८ मध्ये पुन्हा सुरू झाला.

हे धन खाणीच्या अंधारात राबणाऱ्यांच्या घामाचे होते. ते ऋण चित्रांनी वा गाण्यांनी फिटले, असे कोण म्हणेल? तथापि स्वतःसाठी घेतलेले सौंदर्य अखेर सर्वांच्या ओंजळीत घालण्याचे औदार्य त्या भगिनींनी दाखविले. वाड्याची दारे आतून उघडावी लागतात, श्रोतेहो. ग्रेगनॉगची दारे तशी उघडली गेली.