जादा हप्ता आणि त्याचा हिशेब
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने मला 'आर्थिक नियोजन' या विषयावर बोलायला सांगितले. विषय इतका मोठा आहे की बोलत बसलो तर समोरचे जेवण थंड होईल. म्हणून त्यातला एकच तुकडा घेतो. गेल्या काही महिन्यांत जिन्यात, लिफ्टमध्ये, एकदा तर विरार फास्टमध्ये उभ्या-उभ्या तरुण मंडळींनी मला विचारलं, "काका, होमलोनमध्ये थोडे जादा पैसे भरायचे आहेत. किती फायदा होतो ते बघायला चांगला कॅल्क्युलेटर कुठला?"

या प्रश्नाचं एक जुनं ओझं माझ्या डोक्यावर आहे, ते आधी सांगतो.

आपण इथे राहायला आलो तेव्हा महापालिका नव्हती, ती २००९ साली आली. पालघर जिल्हाही नव्हता, पत्त्यावर आपण 'जिल्हा ठाणे' लिहीत होतो. टँकरची वाट बघणं हा रोजचा कार्यक्रम. बहुतेकांची घरं कर्जावर, आणि व्याज बारा-तेरा टक्के. मी बँकेत अधिकारी, मला स्टाफ लोन. त्याचं व्याज सरळ, तेही सवलतीच्या दराने, आणि आधी मुद्दल फिटायचं, मग व्याज. म्हणजे बाहेरच्या कर्जदाराचं दुखणं काय असतं ते मला कागदावर माहीत होतं, अंगावर नव्हतं.

अशात बी विंगमधले एक सभासद दिवाळीच्या बोनसचे पन्नास हजार घेऊन माझ्याकडे आले. कर्ज एका खाजगी गृहवित्त कंपनीचं, तेरा टक्क्यांचं. "भरू का?" मी माझा बारा आकडी कॅसिओ काढला, किती हप्ते वाचतील ते सांगितलं, आणि म्हणालो, उद्याच भरा. त्यांनी भरले. पुढे एप्रिलमध्ये कंपनीचा उतारा आला तेव्हा कळलं की व्याज वार्षिक शिलकीवर होतं. नोव्हेंबरात भरलेले पैसे मुद्दलातून वजा झाले ३१ मार्चला. साडेचार महिन्यांचं व्याज, म्हणजे जवळपास अडीच हजार, फुकट गेलं, आणि वर मुदतपूर्व भरण्याचा दोन टक्के दंड, एक हजार. त्या काळी साडेतीन हजार ही लहान रक्कम नव्हती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरले असते तर निदान व्याज तरी वाचलं असतं. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. वहिनींनी मात्र दाखवलं, आणि बरोबरच केलं. कॅसिओ चुकला नव्हता. मी त्यांना करारपत्र आणायला सांगितलं नव्हतं.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बदलत्या दराच्या गृहकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड बंद केला. व्याजही आता बहुतेक ठिकाणी रोजच्या किंवा महिन्याच्या शिलकीवर निघतं. तरी कर्ज स्थिर दराचं असेल तर करार वाचल्याशिवाय एक रुपयाही जादा भरू नका.

आता कॅल्क्युलेटर. माझ्या नातवाने मोबाइलवर पहिला शोधून दिला तो दिसायला फार सुंदर होता, पण निघाला इंग्लंडमधला. तिकडे स्थिर दराच्या काळात साधारणपणे वर्षाला शिल्लक कर्जाच्या दहा टक्क्यांपर्यंतच बिनदंड जादा भरता येतं, म्हणून त्यात ती मर्यादा बसवलेली. आपल्याला तिचा काय उपयोग? आपल्याकडच्या बँकांच्या वेबसाइटवर जे असतात त्यातले बरेच फक्त हप्ता काढून देतात. ते कर्ज घेताना कामाचे, फेडताना नाहीत.

म्हणून एक परीक्षा सांगतो. कर्ज ३० लाख, दर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता २६,०३५ रुपये आला पाहिजे. पहिल्या महिन्याचं व्याज तोंडीही काढता येतं, २१,२५०. म्हणजे मुद्दलात गेले फक्त ४,७८५. वर्षभरात तुम्ही ३ लाख १२ हजार भरता आणि कर्ज कमी होतं साठ हजारांहूनही थोडं कमी. (हे ऐकून मागच्या रांगेत कोणीतरी "अरे देवा" म्हणालं, ते बरोबर आहे.)

आता बारावा हप्ता झाल्यावर एक लाख जादा भरले असं त्यात घाला. हप्ता तोच ठेवला तर १८ हप्ते कमी होतात आणि सुमारे ३ लाख ७० हजार व्याज वाचतं. पण तेच एक लाख भरून मुदत तशीच ठेवली आणि हप्ता कमी करून घेतला, तर हप्ता २५,१४९ होतो आणि व्याज वाचतं जेमतेम १ लाख २ हजार. पैसे तेच, तारीख तीच! जो कॅल्क्युलेटर हे दोन्ही पर्याय वेगळे दाखवत नाही, तो बाजूला ठेवा. आणि बँकेत पैसे भरताना अर्जात स्पष्ट लिहा, 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी'. परतफेडीचं नवीन वेळापत्रक हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. हेच एक लाख पंधरा वर्षं झाल्यावर भरले तर सहा हप्तेही वाचत नाहीत, व्याज वाचतं पन्नास हजारांच्या आसपास. म्हणून जादा भरायचं तर सुरुवातीला. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरत गेलात तर हे वीस वर्षांचं कर्ज तीन वर्षं चार महिने आधी संपतं.

दुसरी परीक्षा दर बदलण्याची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर चारवरून साडेसहावर गेला. सात टक्क्यांनी ३० लाख घेतलेल्याचा हप्ता २३,२५९. दर साडेनऊ झाल्यावर नुसतं व्याजच महिन्याला २३,७५०! म्हणजे हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटण्याऐवजी वाढणार. अनेकांच्या बाबतीत हप्ता तसाच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. आपल्याच एका सभासदाने मला उतारा दाखवला, त्याची मुदत त्याच्या निवृत्तीच्या पलीकडे गेली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा, आणि दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारा उतारा द्या. हा उतारा मागा. कॅल्क्युलेटरमध्ये मूळ कर्जाची रक्कम नाही, त्या उताऱ्यातली आजची शिल्लक आणि आजचा दर घालायचा.

खरं सांगू? शेवटी मला सर्वांत भरवशाचा वाटला तो आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने एक्सेलमध्ये करून दिलेला तक्ता. आरंभीची शिल्लक, दर, व्याज, मुद्दल, जादा भरणा, अखेरची शिल्लक, बस्स. प्रत्येक महिन्याची एक ओळ. दर बदलला की त्या ओळीपासून पुढचा दर बदलायचा. आमच्या लेजरसारखाच आहे, म्हणून मला आवडला असेल.

एक गोष्ट मात्र कुठलाच कॅल्क्युलेटर दाखवत नाही. भरलेले पैसे भिंतीत गेले, परत मागायला गेलात तर नवीन कर्ज. करोनाच्या काळात पगार थांबलेले आपल्या बिल्डिंगमध्येही होते. म्हणून सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला आणि वहिनींना माहीत असलेल्या खात्यात ठेवा, उरलेल्यातून भरा. क्रेडिट कार्डाची किंवा पर्सनल लोनची थकबाकी असेल तर आधी ती. आणि प्राप्तिकराची नवी पद्धत घेतली असेल तर स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, त्यामुळे 'टॅक्ससाठी कर्ज राहू दे' हे जुनं वाक्य आता तपासून घ्या.

कर्ज फिटलं की मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत मिळायला हवीत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. बी विंगच्या त्या सभासदांचं कर्ज केव्हाच फिटलं, ते आता मुलाकडे पुण्याला असतात. आजच्या कार्यक्रमाला दोघेही आले आहेत, समोरच बसले आहेत.

तो तक्ता संस्थेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवला आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे असतो. येताना करारपत्र आणि ताजा उतारा दोन्ही आणा, गेल्या वर्षीचा चालणार नाही. चहा मात्र घरून पिऊन या, समितीचं बजेट तुम्ही आत्ताच ऐकलंत.