मोक्षपटावरील पाप

सापशिडीचें जुनें रूप म्हणजे मोक्षपट. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, शेवटीं मोक्ष. कांहीं पटांवर घरें ७२. परवां माझा नातू 'चोरी'च्या घरांत पडून सापाच्या तोंडीं गेला आणि म्हणाला, "आजोबा, मीं चोरी केली कुठें?" मी निरुत्तर झालों. कवड्या पडतील तितकीं घरें सोंगटी चालते; निवडीस जागाच नाहीं, मग पाप खेळणाराचें कसें? कोणी दानालाच पूर्वकर्म म्हणतील. पण एकदां शाळेंत मीं निरपराध मुलाला छडी मारली, तेव्हां त्यालाहि हेंच सांगावयाचें होतें काय? हल्लीं आम्ही कवड्या दोनदां टाकून त्यांतलें एक दान निवडतों. दोन्ही दानें सापाचींच आलीं, कीं नातू पुन्हा माझ्याकडे पाहतो.