पार्ट नवे, गारवा कुठे?

(जयपुरातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या शेजाऱ्यांची गाडी. कॉम्प्रेसर नवा, कंडेन्सरचा पंखा नवा, गॅस नुकताच भरलेला. अजमेर रोडला गाडी ऐंशीच्या वेगाने धावू लागली की आत छान गार. परतताना अजमेरी गेटच्या सिग्नलला थांबली की दोन मिनिटांत कोमट हवा. मागच्या सीटवर त्यांच्या वृद्ध आई ओला रुमाल मानेवर धरून बसलेल्या. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, "भाईसाब, गैस थोड़ी और डलवा लो." तीनदा गॅस घातला. तिसऱ्यांदा तर गारवा आणखी कमी झाला.

गाडीतला गारवा येतो कसा, ते आधी बघू. आमेरच्या किल्ल्यातला सुखनिवास तुम्ही पाहिला असेल. तिथे दालनातून पाण्याचा पाट काढलेला आहे. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते. गाडीत हेच काम आर १३४ ए हा गॅस करतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि आतली उष्णता घेतो. पण आमेरची वाफ वाऱ्यावर निघून जाते, गाडीतली वाफ पुन्हा वापरायची असते. म्हणून कॉम्प्रेसर ती दाबतो, आणि बंपरमागच्या कंडेन्सरमधून जाणारा वारा तिची उष्णता बाहेर नेतो. इथे मे महिन्यात तो वाराच ४३-४४ अंशांचा! कंडेन्सरला हवा कमी पडली तर जयपुरात त्याची गय होत नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीला आम्ही दाब मोजणारे गेज लावले. लो आणि हाय, दोन्ही काटे वर. गॅस कमी असता तर दोन्ही खाली दिसले असते. लो वर आणि हाय खाली असता तर कॉम्प्रेसर दाबतच नाही असं समजलो असतो. दोन्ही वर, याचा अर्थ गॅस जास्त किंवा कंडेन्सर तापलेला. पाच मिनिटांचं हे काम, ते न केल्यामुळे शेजाऱ्यांच्या खिशातून तीन वेळा पैसे गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

सगळा गॅस काढून कंपनीने सांगितलेल्या वजनाइतका पुन्हा भरला. तरी सिग्नलला तेच. मग मी पंखा चालू ठेवून कंडेन्सरच्या समोर वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उलट माझ्याकडे उडाला. नव्या पंख्याच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या! पंखा फिरत होता, आवाजही नीट होता, पण इंजिनकडची तापलेली हवा कंडेन्सरवर ढकलत होता. रस्त्यावर समोरचा वारा त्याला पुरून उरे, सिग्नलला तो वारा नसे. वायरींची अदलाबदल केली, आणि आई रुमाल बाजूला ठेवून निवांत बसल्या.

म्हणून काम केल्यावर बिघाड राहिला, तर आधी त्या कामाकडेच बघा. सिस्टिम उघडली की आत दमट हवा शिरते. किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारला नाही, ओलावा शोषणारा ड्रायर बदलला नाही, तर त्या हवेतलं पाणी कूलिंग कॉइलच्या तोंडाशी असलेल्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतं. गाडी वीस मिनिटं गार, मग गरम, थांबून पुन्हा सुरू केली की परत गार, असं झालं तर आधी या पाण्याचा संशय घ्या.

आणि जुना कॉम्प्रेसर बदलला असेल तर तो मागून घ्या. त्यातलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओता. ते काळं असेल आणि त्यात धातूचा बारीक चुरा चमकत असेल, तर तोच चुरा कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत बसला आहे. तो धुऊन निघत नाही, कंडेन्सरच बदलावा लागतो. नाहीतर नवा कॉम्प्रेसर तोच चुरा ओढून घेतो आणि काही दिवसांत बसतो. मी असं एक फडकं आज सोबत आणलंय. इथे टेबलावर आहे, जवळ येऊन उजेडात धरून बघा.