परत न आलेले पेशंट
(हिवाळी व्याख्यानमाला, पहूर : पुष्प तिसरे)

मंडळी, कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्ही वेळ काढून आलात, तेव्हा सुरुवात कपाशीपासूनच करतो. बियाण्याचा एजंट तुम्हाला कोणता प्लॉट दाखवतो? विहिरीजवळचा, काळ्या जमिनीतला. तुम्ही बोंडं मोजता, मान डोलावता आणि परतताना म्हणता, 'बरडावर लावून दाखव म्हणावं!' औषधांच्या चाचण्यांबद्दल मी जे सांगणार, त्यातलं निम्मं तुम्हाला आधीच ठाऊक आहे.

कोणत्या वाफ्यात काय लावायचं हे चिठ्ठीवर सोडायची रीत शेतीतलीच. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात ती बसवली. पुढे क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, तेव्हा कोणाला इंजेक्शन आणि कोणाला नुसती विश्रांती, हे बंद पाकिटातून ठरलं. १९४८ साली निकाल छापून आला : सहा महिन्यांत इंजेक्शनवाल्या ५५ जणांतले ४ दगावले, विश्रांतीवाल्या ५२ जणांतले १४.

आता आपला विंचू. डॉ. हिंमतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचे. नोकरीनिमित्त कोकणात महाडकडे गेले. तिथे लाल विंचू चावला की घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, आणि बिघडलं तर फुप्फुसात पाणी. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यांनी यावर वापरली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. मग प्रश्न आला : गोळीच्या जोडीला विंचवाची लस दिली तर आणखी फायदा होतो का? बावस्कर पती-पत्नींनी महाडच्या आपल्या दवाखान्यात ७० पेशंट घेतले. ३५ जणांना नुसती गोळी, ३५ जणांना गोळी आणि लस. दहा तासांत लक्षणं पूर्ण गेली ती लसवाल्यांतल्या ३२ जणांची. नुसत्या गोळीवाल्यांतल्या ८ जणांची. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हे छापलं.

मला त्यातलं काय आवडतं सांगू? कोणाला लस दिली हे डॉक्टर-पेशंट दोघांनाही ठाऊक होतं. हे वैगुण्यच. हात गार आहे की कोमट, हे ठरवताना मन थोडं झुकू शकतं. पण 'ओपन लेबल' हे शब्द निबंधाच्या शीर्षकातच आहेत. एजंटाने प्लॉटच्या पाटीवरच 'विहिरीजवळ' लिहावं, तसं. शिवाय निबंध सांगतो की हृदय-फुप्फुसापर्यंत विष पोचलेले पेशंट यात घेतलेच नव्हते. म्हणून हा आकडा श्वास लागलेल्या माणसाला लावू नका. त्याच्याबद्दल ही चाचणी काहीच बोलत नाही.

अहवालात काय-काय लिहायचं याची 'कॉन्सॉर्ट' नावाची यादी १९९६ पासून आहे. किती जण घेतले, किती गळाले, कुठे गळाले, सगळं मांडा. आपल्याकडे २००७ साली चाचण्यांची सरकारी नोंदवही सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. पहिला पेशंट घेण्याआधीच लिहून ठेवायचं, आम्ही काय मोजणार. आकडा फुटल्यावर 'मी हाच लावणार होतो' म्हणणारे मटक्याच्या अड्ड्यावरच असतात असं नाही, आमच्यातही असतात. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही उघडता येते.

शेवटी माझीच एक गोष्ट. दवाखाना नवा होता. खोकल्याचं एक औषध मला फार गुणकारी वाटे. दोनशे पानी वहीत मी नावं लिहायचो, पुढे लाल शाईने 'गुण आला'. पानंच्या पानं लाल. पुढे आठवडे बाजारात एक म्हातारी भेटली. मेथीची जुडी हातात. म्हटलं, "आजी, खोकला गेला ना? परत आल्या नाहीत." ती म्हणाली, "तुमच्या औषधानं पोटात आग पडली भाऊ. मंग मी जळगावले गेली."

घरी येऊन वही काढली. नाव, गाव, तारीख, गुण, असे चार रकाने. म्हातारीच्या नावापुढची जागा कोरी होती. तशा कोऱ्या जागा मोजायला बसलो, तेव्हा चहा गार झाला.